पोकळीची ओढ आणि सूक्ष्मयंत्रांचा तोल

गेल्या वर्षी साताऱ्यात विज्ञान शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आला. विषय होता मोबाइल फोनमधील सूक्ष्मयंत्रे. फोन आडवा धरला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते. फोनच्या आत सिलिकॉनचे एक अतिशय लहान वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असते आणि ते कोणत्या बाजूला झुकले हे मोजले जाते, म्हणून असे घडते. हे सांगून झाल्यावर मी ओघात म्हणाले की, अशी यंत्रे आणखी लहान करत गेलो तर मधल्या फटीत काहीही नसताना त्यांचे भाग एकमेकांकडे ओढले जातात आणि चिकटून बसतात.

व्याख्यान संपल्यावर पाटण तालुक्यातील एक ज्येष्ठ शिक्षक उठले. म्हणाले, "मॅडम, आमचा भाग कोयनेचा. भूकंप झाला तर फोन सूचना देतो, असं पोरं सांगतात. आणि तुम्ही म्हणता, आतली यंत्रं आपोआप चिकटतात. मग या फोनवर विसंबायचं का नाही, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. वेळ संपत आला होता, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर दिले. त्याने सरांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. तेच उत्तर येथे आकडेमोडीसह देत आहे. आकडेमोड अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना झेपेल अशीच आहे.

धरणातले वजन आणि फोनमधले वजन

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या भिंतीतील गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने तो धक्का नोंदवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने मिळालेले कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६ पट होते. धरणांच्या भूकंपरोधक रचनेचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही ही नोंद वापरतात.

त्वरणमापकाचे तत्त्व साधे आहे. एसटी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. त्याचप्रमाणे पेटी एकदम हलली की आत स्प्रिंगला टांगलेले वजन मागे राहते. ते किती मागे राहिले हे मोजले की त्वरण कळते. फोनमध्येही हेच तीन घटक असतात: वजन, स्प्रिंग आणि विस्थापन मोजण्याची सोय. फरक आकाराचा आहे. फोनमधील वजन मिलिमीटरच्या अंशात मावते. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि समोर तसेच दाते असलेला दुसरा, न हलणारा कंगवा असतो. दोन दात्यांमधील फट साधारण १ ते २ मायक्रोमीटर असते. आपल्या डोक्याचा केस याच्या काही दसपट जाड असतो. फट कमीजास्त झाली की दोन दात्यांची विद्युत धारकता बदलते आणि तो बदल चिप मोजते.

सप्टेंबर २०२३ पासून भारतातही अँड्रॉइड फोनवर भूकंपाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. एका जागी स्थिर पडलेले अनेक फोन एकाच वेळी थरथरले, तर तो भूकंप असावा असे दूरचा संगणक ठरवतो आणि आजूबाजूच्या फोनना सूचना पाठवतो. म्हणजे सरांच्या प्रश्नाचा सगळा भार त्या एक-दोन मायक्रोमीटरच्या फटीवर आहे. ती फट आपोआप बंद होऊ शकते का?

हळकुंड आणि हळद

उत्तराची सुरुवात सांगलीच्या हळदीपासून करू. माझे शालेय शिक्षण सांगलीत झाले, त्यामुळे हे उदाहरण मला घरचे आहे. हळकुंड हातात घेऊन हात उलटा केला तर ते खाली पडते. तेच दळून पूड केली आणि बोट बुडवून उलटे धरले, तर पूड बोटाला चिकटून राहते, बरणी झटकली तरी काचेवर पिवळा थर उरतो. पदार्थ तोच आहे, बदललाय तो फक्त आकार.

पाच सेंटीमीटरचे हळकुंड आणि पन्नास मायक्रोमीटरचा कण यांच्या लांबीत हजारपटीचा फरक आहे. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून कणाचे वजन शंभर कोटी पटींनी कमी. पृष्ठफळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ते दहा लाख पटींनीच कमी. याचा अर्थ वजनाच्या तुलनेत कणाचा पृष्ठभाग हजारपट प्रभावी झाला. पृष्ठभागाशी निगडित बले, म्हणजे रेणूंचे परस्पर आकर्षण, घर्षणाने आलेला विद्युतभार आणि ओलावा, हळकुंडालाही लागू असतात, पण तेथे वजनापुढे त्यांचे काही चालत नाही. पुडीत मात्र त्यांचेच राज्य असते.

सूक्ष्मयंत्र हे या अर्थाने पुडीचे यंत्र आहे. त्याच्या रचनाकाराला गुरुत्वाची फारशी फिकीर नसते, पृष्ठबलांची असते. या पृष्ठबलांपैकी एक अगदी वेगळे आहे. ते विद्युतभार नसला, ओलावा नसला, हवासुद्धा नसली तरी उरते. त्याला कॅसिमिर बल म्हणतात.

पोकळी रिकामी नसते

गंमत अशी की या बलाचा शोधही पुडीपासूनच सुरू झाला. हॉलंडमधील आइंडहोवन येथील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांचा अभ्यास चालू होता. दूर अंतरावर या कणांमधील आकर्षण तेव्हाच्या सिद्धांतापेक्षा अधिक वेगाने घटत असावे, असे ओव्हरबेक यांच्या लक्षात आले. हेंड्रिक कॅसिमिर आणि पोल्डर यांनी त्याचे कारण शोधले: एका रेणूचा परिणाम दुसऱ्यापर्यंत पोहोचायला प्रकाशाला लागणारा वेळ हिशेबात धरायला हवा. पुढे १९४८ मध्ये कॅसिमिर यांनी दाखवले की, निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्याही एकमेकींना ओढतील.

हे समजण्यासाठी मिरजेचा तंबोरा डोळ्यांसमोर आणू. तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्यावर वाटेल त्या लांबीची लहर उभी राहू शकत नाही. तारेच्या लांबीत अर्ध्या लहरींची पूर्ण संख्याच मावली पाहिजे. दोन धातूच्या पट्ट्यांमधील फटीचेही तसेच आहे. धातू आरशासारखा वागतो, त्यामुळे फटीत ठरावीक लांबीच्याच विद्युतचुंबकीय लहरींना जागा मिळते. बाहेर अशी अट नसते.

आता येथपर्यंत लहरी कोठून आल्या, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. छेडली नाही तर तंबोऱ्याची तार गप्प बसते. पण पुंजयांत्रिकीनुसार निसर्गातील कोणतीही कंपनशील व्यवस्था पूर्णपणे गप्प बसू शकत नाही. तिच्याजवळ एक किमान ऊर्जा उरतेच. तिला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात आणि ती एका ऊर्जापुंजाच्या निम्मी असते. प्रकाश नाही, उष्णता नाही, हवा नाही अशा पोकळीतही प्रत्येक संभाव्य लहरीची एवढी ऊर्जा शिल्लक असते. पट्ट्या जवळ आल्या की फटीत मावणाऱ्या लहरी बदलतात आणि एकूण ऊर्जा घटते. ऊर्जा ज्या दिशेने घटते त्या दिशेने बल लागते, हे आपण शिकवतोच. म्हणून पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात.

याच बलाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. धातूतील विद्युतभारांची सतत सूक्ष्म चळवळ चालू असते आणि एका पट्टीतील चळवळ दुसरीतील चळवळीशी मेळ साधते, त्यातून आकर्षण निर्माण होते. रशियन शास्त्रज्ञ लिफ्शिट्झ यांनी १९५०च्या दशकात या मार्गाने व्यापक सिद्धांत मांडला. तो धातूंप्रमाणेच काच, तेल, सिलिकॉन यांनाही लागू पडतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. अगदी जवळच्या अंतरावर ज्याला आपण व्हॅन डर वाल्स बल म्हणतो, त्याचेच दूरचे रूप म्हणजे कॅसिमिर बल.

वर्गात हे सांगताना एक सावधगिरी घ्यावी. समुद्राच्या लाटांमुळे शेजारी उभी असलेली दोन जहाजे एकमेकांकडे ओढली जातात आणि जुन्या खलाशांना हे माहीत होते, अशी गोष्ट अनेक पुस्तकांत सांगितलेली असते. तिचा मूळ पुरावा तपासला तेव्हा तो टिकला नाही. तंबोऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे.

आकडे काय सांगतात?

कॅसिमिर यांच्या सूत्रानुसार आदर्श आरशासारख्या दोन समांतर पट्ट्यांवरील दाब अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर निम्मे केले तर दाब सोळापट होतो, दहापट कमी केले तर दहा हजारपट. सूत्रात प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग हे दोनच स्थिरांक येतात. विद्युतभाराचा त्यात मागमूस नाही.

फट १ मायक्रोमीटर असेल तर दाब सुमारे ०.००१३ पास्कल येतो. एक चौरस सेंटीमीटरच्या पट्टीवर हे बल १३ मायक्रोग्रॅम वजनाएवढे होते. मिठाचा बारीक दाणाही याहून जड असतो.

आता एक नमुना घेऊ. सिलिकॉनची पट्टी ०.१ मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि १० मायक्रोमीटर जाड आहे. तिचे वजन सुमारे २.३ नॅनोन्यूटन भरते. ती अशा स्प्रिंगवर टांगली आहे की १ नॅनोमीटर ताणायला १ नॅनोन्यूटन बल लागते. दोन्ही समोरासमोरचे पृष्ठभाग धातूने मढवलेले आहेत. या पट्टीवरचे कॅसिमिर बल पुढीलप्रमाणे येते.

फट १००० नॅनोमीटर (१ मायक्रोमीटर): बल ०.०१३ नॅनोन्यूटन
फट ५०० नॅनोमीटर: बल ०.२ नॅनोन्यूटन
फट २०० नॅनोमीटर: बल ८ नॅनोन्यूटन
फट १०० नॅनोमीटर: बल १३० नॅनोन्यूटन

पहिल्या ओळीत बल पट्टीच्या वजनाच्या पावणेदोनशेव्या भागाएवढे आहे, तर शेवटच्या ओळीत वजनाच्या पन्नासपटींहून जास्त. फट फक्त दहापट कमी झाली, पण नगण्य असलेले बल मालक होऊन बसले.

हे आकडे आदर्श आरशांसाठी आहेत. खऱ्या सोन्याच्या थरात प्रकाश थोडा आत शिरतो, त्यामुळे १०० नॅनोमीटरला प्रत्यक्ष बल साधारण निम्मे भरते, आणि त्याहून लहान फटीत चौथ्या घाताचा नियमही सौम्य होत जातो. तरीही निष्कर्ष बदलत नाही.

तोल कधी जातो?

बल मोठे झाले म्हणजे यंत्र बिघडलेच असे नाही. स्प्रिंगही उलट ओढते. खरा प्रश्न या दोघांची वाढ कशी होते हा आहे. तो समजण्यासाठी एक सोपा प्रयोग वर्गात जरूर करावा.

एक लहान, कमजोर लोहचुंबक लांब व पातळ रबरबँडला बांधून स्टँडवर टांगा. त्याखाली पुस्तकांच्या चळतीवर लोखंडी ठोकळा ठेवा. चळतीत एकेक पातळ वही सरकवत ठोकळा वर आणा. सुरुवातीला चुंबक किंचित खाली झुकतो आणि थांबतो. आणखी एक वही सरकवली की आणखी थोडा झुकतो आणि पुन्हा थांबतो. मग एका वहीला तो थांबतच नाही, खट्कन ठोकळ्याला चिकटतो. विद्यार्थ्यांना विचारा: मागच्या वहीपर्यंत तोल सांभाळला जात होता, तो आता का गेला?

कारण असे. चुंबक खाली सरकला की रबराची ओढ सरळ प्रमाणात वाढते. चुंबकाचे आकर्षण मात्र अंतर घटताना झपाट्याने वाढते. एका मर्यादेपर्यंत रबर बाजी मारते. त्यापलीकडे चुंबक एक पाऊल सरकला की आकर्षणाची वाढ रबराच्या वाढीहून जास्त होते. मग थांबण्याची जागाच उरत नाही.

आपल्या पट्टीचेही हेच आहे. बल अंतराच्या ज्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असेल, त्या घातात एक मिळवावा आणि मूळ फटीला त्या संख्येने भागावे. पट्टी तेवढीच सरकू शकते, त्यापुढे कोसळते. स्प्रिंगचे बल आणि आकर्षण समान, तसेच दोघांच्या वाढीचा दरही समान, अशी दोन समीकरणे मांडून बारावीचा विद्यार्थी हे दोन ओळींत सिद्ध करू शकेल. पट्ट्यांमध्ये विद्युतदाब लावला तर आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून मर्यादा फटीच्या एक तृतीयांश. कॅसिमिर बल चौथ्या घाताचे, म्हणून मर्यादा केवळ एक पंचमांश.

आपल्या नमुन्यात फट १ मायक्रोमीटर असताना पट्टी ०.०१३ नॅनोमीटर सरकून थांबते. हे अंतर अणूच्या व्यासाहूनही कितीतरी कमी आहे. फट २०० नॅनोमीटर केली तर ती सुमारे १० नॅनोमीटर सरकून थांबते. फट सुमारे १७४ नॅनोमीटरच्या खाली गेली की मात्र थांबण्याची जागाच राहत नाही. १०० नॅनोमीटर फटीची अशी पट्टी बनवलीच तर ती तयार होताक्षणी समोरच्या भागाला चिकटेल. ना विद्युतदाब, ना धक्का. तिला चिकटायला फक्त पोकळी पुरेशी आहे.

२०० नॅनोमीटरच्या पट्टीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ती १० नॅनोमीटर सरकून शांत उभी आहे. पण एखाद्या धक्क्याने ती सुमारे ९० नॅनोमीटरपर्यंत ढकलली गेली, तर तेथून पुढे आकर्षण स्प्रिंगवर मात करते आणि ती परत येत नाही. कास पठाराच्या कड्याजवळ एक उथळ खळगा आहे आणि त्यात चेंडू ठेवला आहे, अशी कल्पना करा. चेंडू खळग्यात स्थिर आहे. हलकासा धक्का बसला तर तो डोलून परत खळग्यात येतो. जोराचा धक्का बसला तर काठ ओलांडून दरीत जातो. फट जसजशी कमी करावी तसतसा हा काठ खाली जातो, आणि १७४ नॅनोमीटरला काठ व खळगा एकाच पातळीत येतात. यंत्र स्थिर आहे का, एवढे विचारून भागत नाही. काठ किती उंच आहे, हेही विचारावे लागते.

आणखी एक आकडा रचनाकारांना सतावतो. ही मर्यादा निम्मी करायची असेल तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, तर ३२ पट ताठ करावी लागते. इतकी ताठ स्प्रिंग मग हलक्या धक्क्याला दादच देत नाही. संवेदनशीलता आणि स्थैर्य यांची ही ओढाताण टाळता येत नाही.

प्रयोगशाळेतला पुरावा

कॅसिमिर यांचे भाकीत पटकन सिद्ध झाले नाही. १९५८ मध्ये स्पारनाय यांनी केलेले मोजमाप भाकिताशी विसंगत नव्हते, पण त्यातील अनिश्चितता मोजलेल्या बलाएवढीच होती. अडचण विद्युतभाराची होती. १ मायक्रोमीटर फटीत दोन पृष्ठभागांमध्ये केवळ १७ मिलिव्होल्टचा फरक असला, तरी त्याचे आकर्षण कॅसिमिर बलाएवढे भरते.

खात्रीचे मोजमाप १९९७ मध्ये लामोरो यांनी अमेरिकेत पीळ-लंबक वापरून केले. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी ॲल्युमिनियमने मढवलेला ०.२ मिलिमीटर व्यासाचा गोल अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीला चिकटवून, ०.१ ते ०.९ मायक्रोमीटर अंतरावर हे बल सुमारे एक टक्का अचूकतेने मोजले. डॉ. रॉय पुढे खरगपूरच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग २००१ मध्ये बेल प्रयोगशाळेत चॅन, कपासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी अर्ध्या मिलिमीटरची सिलिकॉनची चौरस पट्टी दोन बारीक दांड्यांवर सी-सॉसारखी तोलून धरली आणि तिच्या एका बाजूला सोन्याने मढवलेला गोल हळूहळू जवळ आणला. विद्युतदाबाचा फरक काढून टाकल्यानंतरही पट्टी गोलाकडे झुकली. याच गटाने दाखवले की गोल जवळ असताना पट्टीच्या कंपनाची वारंवारता घटते आणि कंपन एकसुरी राहत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी लावताना तार घोडीला निसटती टेकते आणि तिचा नाद बदलतो. तेथे तार प्रत्यक्ष टेकते. येथे स्पर्श न होताच नाद बदलला.

सगळा दोष पुंजवादाचा नव्हे

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी परदेशातील एका प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या बारीक पट्ट्या तयार करत होते. पट्टीखालचा आधाराचा थर रसायनाने विरघळवायचा, पाण्याने धुवायचे आणि वाळवायचे, अशी पद्धत होती. महिनाभराच्या कामानंतर सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर जवळजवळ सर्व पट्ट्या तळाला चिकटलेल्या. मी मोठ्या उत्साहाने कॅसिमिर बलाची आकडेमोड मांडली. मार्गदर्शकांनी ती शांतपणे पाहिली आणि फट किती आहे ते विचारले. फट दोन मायक्रोमीटर होती. त्या अंतरावर कॅसिमिर बल काहीच करू शकत नव्हते. दोषी होते ते पाणी. वाळताना फटीत उरलेल्या पाण्याच्या पृष्ठताणाने पट्ट्या खाली ओढल्या होत्या, आणि एकदा स्पर्श झाल्यावर रेणूंच्या आकर्षणाने त्या तेथेच राहिल्या. घाई करून साधे वाळवणे मी निवडले होते. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरून, पृष्ठताण निर्माणच होऊ न देता वाळवायची रीत आहे. पुढच्या खेपेला ती वापरली आणि बहुतेक पट्ट्या मोकळ्या राहिल्या.

तेव्हापासून मी एक नियम पाळते: चमत्कारिक कारण शोधण्याआधी साधी कारणे आकड्यांनी तपासायची. आजच्या सूक्ष्मयंत्रांत चिकटण्याची बहुतेक प्रकरणे ओलावा, विद्युतदाब आणि स्पर्शानंतरचे रेणूंचे आकर्षण यांमुळे घडतात. आपल्या नमुन्याच्या पट्टीवर १ मायक्रोमीटर फटीत १ व्होल्टचा दाब लावला तर ४४ नॅनोन्यूटन बल येते, कॅसिमिर बलाच्या तीन हजारपटींहून अधिक. सुमारे १.८ व्होल्टला ती पट्टी कोसळते. म्हणूनच फोनमधील वजनाच्या दोन्ही बाजूंना दाते ठेवून ही ओढ समतोल राखतात.

अनेक शाळांत आता असलेला डीएलपी प्रोजेक्टर हे आणखी एक उदाहरण. त्याच्या चिपवर लाखो बारीक आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा एका बाजूला कलून टेकतो. तो टेकला की चिकटू नये, यासाठी त्यावर वंगणाचा अतिपातळ थर देतात आणि टेकण्याच्या जागी लहान स्प्रिंगा ठेवतात.

उपाय, मर्यादा आणि एक गैरसमज

पट्टीखाली बारीक फोड ठेवणे, म्हणजे स्पर्श झालाच तर तो थोड्याच जागी होईल. पृष्ठभागावर न चिकटणाऱ्या रेणूंचा थर देणे. समोरासमोरचे क्षेत्रफळ कमी करणे. चिप कोरड्या वायूत बंद करणे, असे उपाय आज रूढ आहेत. पण यंत्रांची फट जेव्हा शंभर नॅनोमीटरच्या आत आणली जाते, जसे अतिसूक्ष्म यांत्रिक स्विचमध्ये, तेव्हा ओलावा आणि विद्युतभार दूर केले तरी पोकळीची ओढ उरतेच. ती पुसून टाकता येत नाही, हिशेबातच धरावी लागते.

ही ओढ उलटवता येईल का? काही प्रमाणात येते. २००९ मध्ये मंडे, कपासो आणि पार्सेजियन यांनी ब्रोमोबेंझीन या द्रवात सोने आणि काच यांच्यात अपकर्षण मोजले. मात्र निर्वातात एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेले दोन भाग नेहमीच एकमेकांना ओढतात, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. स्थिर विद्युतबलाने एखादा भार अधांतरी स्थिर ठेवता येत नाही, हे अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये दाखवले होते. तशाच प्रकारचे बंधन निर्वातातील सर्वसाधारण पदार्थांच्या कॅसिमिर बलालाही आहे, हे २०१० मध्ये दाखवण्यात आले. स्प्रिंगला पर्याय नाही, असा त्याचा अर्थ.

एक गैरसमज शिक्षकांनी मुद्दाम दूर करावा. पोकळीत ऊर्जा आहे, तेव्हा तिच्यावर फुकटात यंत्र चालेल, असे दावे अधूनमधून वाचायला मिळतात. पट्ट्या जवळ येताना ऊर्जा मिळते हे खरे, पण त्या पुन्हा दूर करायला तेवढीच ऊर्जा खर्चावी लागते. आडातला पोहरा खाली सोडताना श्रम पडत नाहीत म्हणून कोणी आडातून वीज मिळवत नाही. पोहरा वर ओढावाच लागतो.

सरांना उत्तर

तर सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. तुमच्या फोनमधील वजन पोकळीच्या ओढीने चिकटणार नाही. फट एक मायक्रोमीटरहून मोठी आहे आणि तेथे ही ओढ वजनाला अणूच्या व्यासाएवढेही हलवू शकत नाही. जेवढे हलवते ते कायमचे असते, त्यामुळे शून्य ठरवताना ते वजा होऊन जाते. आपल्या नमुन्यात गुरुत्वत्वरणाच्या दहाव्या भागाएवढा धक्का वजनाला ०.२३ नॅनोमीटर सरकवतो, म्हणजे कॅसिमिर बलाच्या सुमारे अठरापट. भूकंपाचा आवाज या कुजबुजीत दबणार नाही.

पण फोनची खरी मर्यादा वेगळी आहे. सूचना केंद्रापासून दूरच्या माणसाला काही सेकंद देते, केंद्राच्या अगदी जवळ ती पोहोचेपर्यंत जमीन हललेली असते. पाटणच्या मुलांना फोनमधले विज्ञान जरूर शिकवावे, आणि त्याच तासाला घर कसे बांधावे व धक्का बसल्यावर काय करावे, हेही शिकवावे.

चुंबकाचा प्रयोग केल्यावर मुलांना शेवटी एक काम द्यावे. ठोकळा नसताना चुंबक जेथे लोंबत होता तेथून ठोकळ्यापर्यंतचे अंतर, आणि चिकटण्यापूर्वी तो जास्तीत जास्त किती झुकला ते अंतर, अशी दोन मापे घ्यावीत. दुसरे माप पहिल्याचा कितवा भाग आहे, यावरून आकर्षण अंतराच्या कोणत्या घाताने बदलते याचा अंदाज येतो. चुंबकाचा नियम सगळ्या अंतरांवर सारखा नसतो, म्हणून वेगवेगळ्या गटांची उत्तरे थोडी वेगळी येतील. ती का वेगळी आली, याची चर्चा पुढच्या तासाला करता येईल.